गुडघ्याखालचा पत्ता

टाइमकीपरकाकांनी आयुष्यात पहिला टेम्पो कधी पकडला नाही. नाक्यावर ते हात मागे बांधून उभे राहायचे. काळा टेम्पो धूर ओकत यायचा, ड्रायव्हर 'राजवाडा, राजवाडा' करत मान बाहेर काढायचा, आत ऐसपैस जागा असायची, आणि काका त्या टेम्पोकडे मुलीच्या बापानं स्थळाकडे पाहावं तसे पाहायचे. चाकं बघायचे, ड्रायव्हरचे डोळे बघायचे, मग मान हलवायचे. नापसंत. दुसरा टेम्पो गच्च भरून यायचा. तिसरा थांबायचाच नाही. "पहिला टेम्पो घाईवाल्यांचा असतो," ते मला सांगायचे. "समजदार माणूस पुढचा बघतो, गुड्डू." त्यानंतर समजदार माणूस राजवाड्यापर्यंत पायी जायचा आणि त्याच्या मागून मी, पायांत स्लिपर घालून, समजदारी शिकत.

रविवारच्या पोहे-जिलबीचंही तेच. जिलबीचा पहिला घाणा कढई तापायच्या आतला, म्हणून तो नको. दुसरा घाणा पाक मुरायच्या आतला, म्हणून तोही नको. तिसऱ्या घाण्याला काका पुढे सरसावायचे तोवर दुकानदाराची शेव संपलेली असायची. शेवेशिवाय पोहे खाणारा माणूस इंदुरात मी तेवढा एकच पाहिला, आणि तो ते असे खायचा की जणू शेव त्यानेच नाकारली आहे.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे, आणि ती करताना मला फार मजा येणार आहे.

आमची सगळी लाइन, म्हणजे चाळ, मिलवाल्यांची. कुणाचे वडील कताईत, कुणाचे रंगाईत, माझे वडील स्टोअरमध्ये कारकून. काका गेटवर टाइमकीपर. त्यांना आडनाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. गेटजवळ काचेची खिडकी, खिडकीमागे काका, त्यांच्या डोक्यावर ताटाएवढं घड्याळ. सातचा भोंगा झाला की पाच मिनिटं माफ. सहाव्या मिनिटाला काकांची लाल पेन्सिल कानावरून उतरायची. धापा टाकत येणाऱ्याला ते कधी नुसतं आत सोडत नसत. "क्या भिया, सासुरवाडीला गेला होतास काय? जावयाला सकाळी कुणी उठवलं नाही?" माणूस ओशाळून हसायचा, काका लाल खूण करायचे, आणि दोघांचाही दिवस सुरू व्हायचा. असं सव्वीस वर्षं चाललं. आता मला वाटतं, गोची तिथेच झाली. दुसऱ्यांचा उशीर टिपता टिपता काकांची समजूत होऊन बसली की उशीर हा दुसऱ्यांनाच होतो.

मग मिल बंद झाली. म्हणजे बंद झाली असं कुणी म्हणत नसे. 'सध्या बंद आहे' असं म्हणायची पद्धत होती, जसं दिवे गेल्यावर म्हणतात तसं. पेपरात रोज छापून येत होतं की देश खुला होतोय. आमच्याकडे त्याच सुमारास गेटला कुलूप लागलं. युनियनचे पुढारी कुलपासमोर उभे राहून भाषणं करायचे, आणि भाषण संपलं की आपापल्या स्कूटरवरून लवकर घरी जायचे. काका मात्र सकाळी सातला ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि आकाशाकडे बघून म्हणायचे, "आता वाजला असता."

"वाजला असता तर डबा भरला असता," काकू आतून म्हणायच्या. "वाजला नाही, तर दळण घेऊन या."

काका दळण आणायला निघायचे, पण गिरणीतली गर्दी कमी व्हायची वाट बघून.

त्याच काळात आमच्या लाइनीत दोन नव्या गोष्टी शिरल्या. एक, केबलची तार, जी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर माकडासारखी उड्या मारत आली. दुसरी, त्या तारेतून उतरलेले परदेशी पहिलवान. तेलानं चमकणारे, चड्डीवर चंदेरी पट्टे लावलेले, एकमेकांना खुर्च्यांनी मारणारे. लगेच त्यांचे पत्ते निघाले. च्युइंगमच्या पाकिटात एक पत्ता. वर पहिलवानाचा फोटो, खाली त्याची उंची, वजन, छाती, किती कुस्त्या लढला, आणि जगातला त्याचा नंबर. त्यांची इंग्रजी नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांचं बारसं केलं. पिवळ्या केसांचा तो भुट्टा. पोट सुटलेला तो रबडी. एकाचं नाक तोतापुरीसारखं, तो तोतापुरी. खेळ सोपा होता. एकानं आपल्या पत्त्यावरचा एखादा आकडा बोलायचा, समजा वजन. ज्याच्या पहिलवानाचं वजन जास्त, तो दोन्ही पत्ते घेणार. आणि जिंकलेला पत्ता कायमचा तुमचा.

काकांनी पहिल्यांदा माझ्या हातातला पत्ता घेतला तेव्हा मला वाटलं फाडतील. बाकीचे मोठे फाडायचे. काकांनी चष्मा पुसला आणि तो पत्ता दोन्ही बाजूंनी वाचला, हजेरीचा कागद वाचावा तसा.

"हा कोण?"

"भुट्टा. नंबर एक आहे, काका. सगळ्या इंदुरात तिघांकडेच आहे."

"कुस्त्या किती?"

"चाळीस."

"आणि हा जाड्या?"

"रबडी. तो एकोणीस नंबरवर आहे. फालतू आहे."

"याच्या कुस्त्या तीनशे दहा आहेत," काका म्हणाले. "गुड्डू, तुझा भुट्टा कामावर येतच नाही. रबडी रोज येतो."

बस्स. त्या दिवसापासून मिलचा टाइमकीपर आमचा गुरू झाला. बावन्न वर्षांचा माणूस ओट्यावर मांडी घालून तेरा वर्षांच्या पोरांसमोर पहिलवानांचे पत्ते पिसायला लागला. येणारेजाणारे हसायचे. सायकलवरून जाताना कुणी विचारायचं, "क्या टाइमकीपरसाब, नवी नोकरी लागली?" काका मान वर न करता म्हणायचे, "ट्रेनिंग चालू आहे."

आणि खरं सांगायचं तर ते जबरदस्त होते. आम्ही पोरं नंबर एक, नंबर दोन यांच्यामागे वेडी होतो. काकांनी मला चमकणारे पत्ते देऊन मळकट पत्ते घ्यायला लावले. ज्याची छाती अफाट आहे पण बाकी सगळं सामान्य, असा एक. ज्याची उंची ताडासारखी, असा एक. ज्याच्या कुस्त्या शेकड्यांनी, तो रबडी. "सगळ्यात चांगला पहिलवान ठेवू नको," ते म्हणायचे. "एकाच कामात कुणाला न ऐकणारा ठेव. मिल अशाच माणसांवर चालायची." भुट्ट्याला तेवढं त्यांनी सोडू दिलं नाही. तो कशासाठी, हे पुढे येईलच. महिन्याभरात मी लाइनीतल्या सगळ्या पोरांना नागवलं. मागच्या लाइनीतला बंटी तेवढा उरला. त्याचे मामा दुबईला होते, आणि पत्ते त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात होते.

काकांनी खेळात नियमही घातला, कारण नियमाशिवाय त्यांना अन्न जात नसे. प्रत्येकानं घरून दहा पत्ते निवडून आणायचे. त्यांतला सगळ्यात वरच्या नंबरचा पत्ता डाव सुरू व्हायच्या आधी उजव्या गुडघ्याखाली दाबून ठेवायचा. हा दाबलेला पत्ता. दोघांचे आकडे सारखे निघाले तर ते पत्ते मध्येच पडून राहणार, आणि ढीग वाढत जाणार. ढीग मोठा झाला की दाबलेला पत्ता काढून त्यावर आपटायचा. समोर कुणीही असो, सगळा ढीग तुमचा. पण हे एकदाच. आणि डाव संपेपर्यंत जर तो पत्ता गुडघ्याखालीच राहिला, तर तो समोरच्याला द्यायचा.

या नियमानं आमच्या खेळाला धार आली. आता नुसता पत्ता चांगला असून भागेना. कधी काढायचा, हा सगळा प्रश्न. काका माझ्या मागे बसून कानात पुटपुटायचे. "आधी हलके पत्ते टाक. त्याचे भारी पत्ते थकू दे. त्याच्या बोटांकडे बघ, तोंडाकडे नको. तोंड खोटं बोलतं, बोटं नाही. ढीग दोनाचा आहे? सोड. चाराचा? सोड. अजून वाढू दे." मी विचारायचो, "काका, पण कळायचं कसं, आता काढायचा म्हणून?" काका डोळे मिटून म्हणायचे, "कळतं." त्यांना कळतं की नाही, हे तपासायची वेळ तोवर आली नव्हती.

ती वेळ आणली मास्टरजींनी. हे मिलच्या विणाई खात्याचे जुने मास्टर. मिल गेल्यावर महिन्याभरात त्यांनी सांवेर रोडवर एका औषधांच्या गोळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझरी धरली होती. एका सकाळी ते स्कूटर न बंद करताच ओट्यासमोर उभे राहिले.

"टाइमकीपर, आमच्या गेटवर माणूस पाहिजे. मी तुझं नाव सांगून आलोय. ही चिठ्ठी मॅनेजरला दे. सोमवारी ये."

काकांनी चिठ्ठी घेतली, वाचली, घडी घातली. "बघू," म्हणाले.

"बघू काय? तुझं वय काय, माझं वय काय. यानंतर आपल्याला कोण बोलावणार आहे?"

"बघू म्हटलं ना, मास्टरजी. चहा घ्या."

मास्टरजी चहा न घेता गेले. काका घरात गेले आणि ती चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या मूर्तीखाली दाबली. बाहेर येऊन मला म्हणाले, "पहिल्या हाकेला गेलो तर चौकीदार समजतील. दुसऱ्या हाकेला जाणारा साहेब असतो." मला तेव्हा हे अगदी पटलं. मी तेरा वर्षांचा होतो, मला काय, काहीही पटायचं. लाइनीत मात्र सगळ्यांना कळत होतं की काकांना याच्यानंतर दुसरी नोकरी येणार नाही. काकूंना सगळ्यात जास्त कळत होतं. त्यांनी तोवर शिवणाचं मशीन माळ्यावरून खाली काढलं होतं आणि लाइनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले होते.

सोमवार आला. काका गेले नाहीत. त्या आठवड्यात बातमी होती की मिल सरकार घेणार. दुसऱ्या सोमवारी बातमी होती की अहमदाबादची पार्टी बघून गेली. तिसऱ्या सोमवारी बातमी नव्हती, पण पितृपक्ष होता.

"अहो, पितरांनी तुम्हाला कारखान्यात जायला मना केलंय का?" काकूंनी विचारलं.

"तू यात पडू नको. हे टाइमिंगचं काम आहे."

"मी कुठे पडून राहिले? मी शिवून राहिले. पडून तुम्ही राहिलाय."

मी ओट्यावर पत्ते लावत होतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काय दोन पुरुषांचा अपमान झाला आहे. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाले, "बाईमाणसाला ढीग दिसत नाही, गुड्डू. नुसता पत्ता दिसतो."

त्यांचा ढीग कुठला होता, हे मला फार उशिरा कळलं. ते सांवेर रोडला गेले असते तर मिल 'सध्या' बंद आहे असं त्यांना म्हणता आलं नसतं. ती खरंच बंद झाली असती. ती काचेची खिडकी, ते घड्याळ, सासुरवाडीचे टोमणे खाणारी ती माणसं, सगळं गेलं असं त्यांना स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कबूल करावं लागलं असतं. पण ही माझी आजची दया. तेव्हाच्या वस्तुस्थितीत ते दिवसाचे चार तास पहिलवानांच्या छात्या मोजत होते आणि चिठ्ठी देवाखाली पिवळी पडत होती.

कोजागिरीला आमच्या लाइनीनं मागच्या लाइनीशी स्पर्धा ठेवली. खरं म्हणजे स्पर्धा म्हणजे मी आणि बंटी. दुपारी मैदानात सतरंजी घातली. मिल बंद असल्यामुळे प्रेक्षकांना तोटा नव्हता. जी माणसं एके काळी दोन पाळ्यांत मिळून हजार हजार मीटर कापड काढायची, ती सगळी दोन पोरांचे पत्ते बघायला उकिडवी बसली होती. मास्टरजींचा त्या दिवशी सुट्टीचा वार होता, तेही आले. काका माझ्या मागे. इशारे ठरले होते. काकांनी कानाची पाळी धरली तर थांब, चष्मा काढला तर आपट. माझ्या गुडघ्याखाली भुट्टा होता. नंबर एक. काकांनी मला तो सोडू दिला नव्हता तो याच दिवसासाठी.

सुरुवात आमची झाली. मी हलके पत्ते टाकत गेलो, बंटी भारी पत्ते खर्च करत गेला. मग उंचीवर दोघांचे आकडे सारखे निघाले, परत सारखे निघाले, आणि मध्ये चार पत्ते पडले. मी मागे पाहिलं. कानाची पाळी. पुढच्या हाताला परत सारखे. सहा. त्या सहांत माझा रबडी होता. मी मागे पाहिलं. कानाची पाळी, आणि या वेळी दोन्ही.

"काका, सहा झाले."

"अजून."

"काका."

"सबर कर. आठ होऊ दे."

बंटी काही फार हुशार नव्हता. त्याला टाइमिंग वगैरे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला समोर सहा पत्ते दिसले, ते हवेसे वाटले, आणि त्यानं गुडघ्याखालून पत्ता काढून आपटला. सगळे सहा घेतले. त्यानंतर आकडे सारखे निघालेच नाहीत. दोन हातांत डाव संपला. मी गुडघा उचलला आणि भुट्टा, इंदुरातल्या तिघांपैकी एक, बंटीच्या हातात दिला. पत्ता गुडघ्याच्या घामानं ओला झाला होता. बंटीनं तो चड्डीला पुसून घेतला.

मास्टरजी गर्दीतून उठता उठता म्हणाले, "टाइमकीपर, चिठ्ठी आहे ना अजून?"

काका घरी गेले. त्या रात्री त्यांच्याकडे दूध आटवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, देव्हाऱ्यातून चिठ्ठी काढली, आणि सांवेर रोडला निघाले. मला बरोबर घेतलं. का, ते माहीत नाही. कदाचित हरलेल्याला हरलेल्याची सोबत बरी वाटते. कारखान्याच्या गेटवर नवा निळा रंग होता. बायका-माणसं रांगेत आत जात होती. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड. भिंतीवर एक लोखंडी डबा, त्याला फट. माणूस येतो, कार्ड फटीत घालतो, खट. पुढे जातो. पुढचा येतो, खट. काका रांगेच्या बाजूला उभे राहून हे किती तरी वेळ बघत होते. चिठ्ठी खिशातच.

मास्टरजी बाहेर आले. "मागच्याच आठवड्यात बसवलं," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, म्हणून ते यंत्राकडे बघून बोलत होते. "मी साहेबाला दोन वेळा थांबवलं, टाइमकीपर. तिसऱ्यांदा काय सांगणार?"

"उशीर झाला तर काय करतं हे?" काकांनी विचारलं.

"लाल शाईत छापतं."

"बोलत नाही काही?"

"नाही."

"कुणालाच?"

"मशीन आहे ते. काय बोलेल?"

काकांनी मान हलवली. सव्वीस वर्षं त्यांनी जे केलं होतं, त्यातलं लाल तेवढं त्या डब्यानं उचललं होतं. निघताना मास्टरजी म्हणाले, "पॅकिंगला मात्र बायका घेऊन राहिलेत. कुणी असेल लाइनीत तर सांग."

घरी येऊन काकांनी हे काकूंना विनोद म्हणून सांगितलं. मी तिथेच पाणी पीत होतो. "आता बघा, मशीन हजेरी घेणार आणि बायका कारखाना चालवणार. आला जमाना."

काकूंनी शिवणाच्या मशीनचं चाक थांबवलं. "किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"पॅकिंगवाल्यांना किती वाजता बोलावतात?"

"साडेआठला. का?"

काकूंनी सुईतला दोरा दातानं तोडला, अर्धा शिवलेला ब्लाउज घडी घालून ठेवला आणि भात टाकायला उठल्या. दुसऱ्या दिवशी पावणेआठला त्या पदर खोचून नाक्यावर उभ्या होत्या, आणि जो टेम्पो आला त्यात बसल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड होतं.

यानंतर काका गप्प बसले असतील असं वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलं नाही. आठ दिवसांत त्यांनी सगळ्या लाइनीत सांगितलं की ही त्यांचीच चाल होती. "मी मुद्दाम थांबलो. मी आधी गेलो असतो तर एकाच घरातली दोन माणसं घेतली असती का? तिला चान्स मिळाला नसता." लोक ऐकून घ्यायचे. काकूंनीही ऐकलं. त्या नळावर पाणी भरत होत्या. म्हणाल्या, "हो ना. फार मोठी चाल. आता उद्यापासून भाकरीपण चाल म्हणूनच टाका."

आणि काकांना स्वयंपाक शिकावा लागला. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी कसोटी होती, कारण तव्यावरची पोळी दुसऱ्या हाकेची वाट बघत नाही. पहिले पंधरा दिवस त्या घरातून रोज धूर यायचा. ते प्रत्येक पोळीसमोर हात मागे बांधून उभे राहायचे, योग्य क्षणाची वाट बघत, आणि योग्य क्षण काळा होऊन जायचा. मग एक दिवस धूर यायचा थांबला. पत्तेही हळूहळू थांबले. मी दहावीत गेलो, बंटीचं खोकं त्याच्या आईनं रद्दीत दिलं. भुट्टाही त्यात गेला. मिल 'सध्या' बंदच राहिली. तिचे पत्रे निघाले, मग विटा निघाल्या, आणि काका एक दिवससुद्धा तिकडून गेले नाहीत. काकू तोवर पॅकिंगच्या लाइनीच्या मुख्य झाल्या होत्या. बारा बायका त्यांच्या हाताखाली होत्या, आणि असं ऐकिवात होतं की उशिरा येणारीला त्या विचारतात, 'माहेरी गेली होतीस काय?'. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर त्या म्हणायच्या, "मशीन बोलत नाही ना. कुणीतरी बोलायला पाहिजे."

मी बी.कॉम. झालो. पलासिया भागातल्या एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. ताबडतोब या. वडील म्हणाले, बँकेचा रिझल्ट लागू दे, मग बघू. आई म्हणाली, दिवाळी होऊ दे. मलाही वाटत होतं की पहिल्याच पत्राला कशाला जा, यापेक्षा चांगलं येईल. मी ते पत्र पुस्तकात ठेवून दिलं. चौथ्या दिवशी काका भाजी निवडत ओट्यावर बसले होते. पेन्सिलीच्या जागी कानावर कोथिंबिरीची काडी होती. त्यांनी मला हाक मारली.

"पत्र आलंय म्हणे."

"हो. विचार करून राहिलोय, काका."

"किती दिवस झाले?"

"चार."

"म्हणजे तीन दिवस उशीर झाला." त्यांनी हातातली मेथी ताटात ठेवली. "उद्या जा."

"बँकेचा रिझल्ट..."

"गुड्डू, उद्या जा. विचार करू नको. विचार मी पुष्कळ केलेला आहे."

काकू नुकत्याच कामावरून आल्या होत्या, दारात चपला काढत होत्या. "बघा कोण सांगतंय," त्या म्हणाल्या.

"अनुभवाने सांगतोय."

"अनुभव मला आला. तुम्ही घरी होता."

काका हसले. आपल्यावरच्या विनोदाला ते हसले असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ते परत मेथी निवडायला लागले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी दुपारची आहे. डबा मी देतो."

मला दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं नाही. खरं सांगायचं तर मी ते मागायलाच दुपारी, गाडीच्या वेळेला गेलो. मी त्याच्या पुढच्या दिवशी निघालो. सगळी लाइन स्टेशनवर आली होती, काकूसुद्धा अर्धी रजा टाकून आल्या होत्या. काका आले नाहीत. काकूंनी खिडकीतून मेथीच्या पराठ्यांचा डबा आत दिला.

"कालचे आहेत," त्या म्हणाल्या. "काल सकाळी करून ठेवले होते. आज नवे करा म्हटलं तर ऐकेनात. रागावलेत तुझ्यावर."